कोणाच्याही बोलावण्यावरून

१७ जून, मंगळवार

आज शेजारची चुआ आंटी विनापरवानगी माझ्या घरात शिरली आणि तिने माझ्या जावयाला लोखंडी कालथ्याने मारले.

घटना दुपारची. मी तेव्हा जमीन कार्यालयासमोर माझ्या टेबलाशी होतो. ताइपिंग गावातले निम्मे अर्ज आणि हरकती अजून माझ्याच हातून टाइप होतात, त्यामुळे दिवसा मी घरी नसतो. म्हणून हकीकत जावयाने, पार्तिबनने, सांगितली तशी लिहितो. जागेची पाहणी मात्र मी स्वतः केली आहे.

पार्तिबन रात्रपाळी करून झोपून उठला होता आणि स्वयंपाकघरात माझ्या मुलीशी, तेनमोळीशी, बोलत उभा होता. चुआ आंटी मागच्या दाराने आली. एक शब्द न बोलता तिने कालथ्याचा एक तडाखा त्याच्या खांद्यावर हाणला, दुसरा मनगटावर, आणि माझ्या मुलीचा दंड धरून तिला परसात ओढत नेले. पार्तिबनचे मनगट सुजले आहे. तेनमोळीच्या ओठाला खोक पडली आहे. ओढाताणीत ती जाळीच्या दारावर आपटली, असे पार्तिबन म्हणाला. तिला विचारले तर म्हणाली, "हो अप्पा, तसंच."

पाहणीत आढळले ते असे. मागच्या दारापासून चुलीपर्यंत ओल्या चपलांचे ठसे. हे फार महत्त्वाचे आहे. आमच्या गल्लीत चिनी असो, मलय असो, तमिळ असो, पायातले बाहेर काढल्याशिवाय कोणी कोणाचा उंबरा ओलांडत नाही. विजेचे मीटर बघायला येणारासुद्धा बूट काढतो. चुआ आंटी इतकी वर्षे केळीच्या पानातली तिची गोड वडी घेऊन येते, दारात चपला काढते, हाक मारते, "तंबी, आहेस का रे?" (मला तंबी म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. मी छप्पन वर्षांचा आहे आणि लोक मला कदिरवेल सर म्हणतात. पण ते असो.) आज चपला पायातच होत्या. आपण पाहुणे म्हणून आलेलो नाही हे ज्याला ठाऊक असते तोच चपला घालून आत येतो. हेतूचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढले.

जाळीचे कुलूप फोडलेले नाही. जोडकिल्ली खिळ्यावर नाही. तेनमोळी म्हणते, मागेच हरवली. मला तेव्हाच सांगायला हवे होते. हा हलगर्जीपणा तिच्या आईकडून आला आहे. ती बिचारी गेली, सवय मागे ठेवून गेली.

१८ जून, बुधवार

पार्तिबन पोलिसांत जायला नको म्हणतो. (आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात.) "मामा, उगाच दारात खाकी यायची, गल्ली बघणार. त्यापेक्षा तुम्हीच काहीतरी करा. तुमच्याइतका कायदा इथल्या वकिलांनासुद्धा येत नाही." समजूतदार मुलगा आहे. शिवाय माझेही मत तेच होते. हे प्रकरण दिवाणी अपकृत्याचे, म्हणजे शिक्षेचे नव्हे तर भरपाईचे आहे आणि दावा मी स्वतः चालवणार.

जेवताना दोघांना मुद्दा समजावला. लोक तीन गोष्टींची एकच खिचडी करतात. हमला म्हणजे मार नव्हे. आता या क्षणी आपल्याला मार बसणार अशी रास्त भीती समोरच्याच्या मनात मुद्दाम उभी केली, की हमला झाला. प्रत्यक्ष अंगाला हात लागला की तो आघात. आणि दुसऱ्याच्या जागेत हक्क नसताना पाऊल टाकले की अनधिकार प्रवेश. तिथे तर एका फरशीचेही नुकसान दाखवावे लागत नाही.

तेनमोळीने विचारले, "अप्पा, नुसता हात उगारला आणि मारलं नाही, तरी?"

"तरी."

"आणि रोज उगारला तर?"

"रोज कोण उगारतो?"

"असंच विचारलं."

पार्तिबन हसला. म्हणाला, "मामा, हिलाही तुमच्याशेजारी एक टेबल टाकून द्या." ती ताटे उचलून आत गेली. तिचे जेवण झाले नव्हते, हे मी नंतर पाहिले.

शाळा मी सहावीत सोडली. माझ्याजवळचे कायद्याचे पुस्तक एका वकिलाने कार्यालय बंद करताना रद्दीत काढले, तेव्हा मी उचलले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढले. आज ते उपयोगी पडते आहे.

२२ जून, रविवार

मागच्या जाळीला नवे कुलूप बसवले. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक पार्तिबनकडे. तेनमोळीला दिली नाही, ती हरवते.

मग कुंपणापाशी जाऊन चुआ आंटीला नोटीस दिली. ती परसात नारळ खोवत बसली होती.

"ये तंबी. चहा घेतोस?"

"मी नोटीस द्यायला आलोय."

"दे की. मला कुठलं एवढं वाचता येतंय. काय लिहिलंस?"

"तुम्ही माझ्या घरात का शिरलात, त्याचं उत्तर द्यायचंय."

तिने माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिले. तिथे तेनमोळी भांडी घासत होती. घासता घासता थांबली.

"उंदीर होता," चुआ आंटी म्हणाली.

"काय?"

"उंदीर रे. चांगला दांडगा. तुझ्या घरात पाळलायस, आणि तुला दिसत नाही?"

"मी उत्तर लेखी मागितलंय."

"माझ्या हातात खोवणी आहे. तूच लिही, उंदीर." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दिवसाचा घरी कधी असतोस का रे तू?"

"त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही."

"बरं. नाही तर नाही."

नोंद केली: प्रतिवादीने उत्तर टाळले व वादीचा उपहास केला. यापुढे तिच्याशी जे काही असेल ते फक्त कागदावर, असे बजावून आलो. फोनसुद्धा घ्यायचा नाही.

२ जुलै, बुधवार

दावा दाखल झाला. कारकुनाने मसुदा उलटसुलट पाहिला आणि विचारले, कुठल्या वकिलाने लिहिला? मी सांगितले नाही. विचारू दे.

संध्याकाळी पुस्तकातले बचावाचे प्रकरण पुन्हा वाचले. शत्रू कोणत्या वाटेने येईल ते आधी पाहावे. संमती: कोणी दिलेली नाही. स्वसंरक्षण: तिच्या अंगावर कोणी गेले नव्हते. निकड: आग नव्हती, पूर नव्हता. दुसऱ्याचे संरक्षण: लागू नाही. घरात दुसरे कोण, तर तेनमोळी, आणि तिच्याजवळ तिचा नवराच उभा होता.

चारही वाटा बंद. बाई काय बोलणार आहे, मला कुतूहल आहे.

९ जुलै, बुधवार

पार्तिबनने त्यांच्या खोलीला बाहेरच्या बाजूने कडी बसवली. म्हणाला, दार वाऱ्याने आपटते, मांजरे शिरतात. काम बरे आहे. एक स्क्रू तिरका गेला होता, तो मी सरळ करून दिला.

आज एक गोष्ट घडली. तेनमोळीच्या कपाळावर डास बसला होता. मी मारायला हात उचलला, तर तिने दोन्ही हातांनी डोके झाकले आणि भिंतीला जाऊन चिकटली. मी म्हणालो, अगं, डास. ती हसली, पण हात काढायला तिला वेळ लागला. चुआ आंटीच्या त्या प्रकाराचा मुलीच्या मनावर केवढा परिणाम झाला आहे. भरपाईच्या मागणीत हा मुद्दा घालायला हवा.

२७ जुलै, रविवार

पार्तिबन मोटारसायकल धुवून आणायला गेला होता. तेनमोळी शेवग्याची पाने निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अप्पा, दावा मागे घ्या."

"का?"

"आंटी वाईट नाहीत."

"वाईटपणा हा मुद्दाच नाही. त्या शिरल्या की नाही, एवढाच मुद्दा."

"त्या का आल्या ते तुम्ही मला विचारलंच नाहीत."

"विचारलं होतं. त्याच दिवशी."

"त्याच्यासमोर विचारलंत."

मी म्हणालो, साक्ष चारचौघांत देता येते तीच खरी. पानांपेक्षा काड्याच जास्त टाकत होती भांड्यात. मग म्हणाली, "अप्पा, समजा मी इथे राहिलेच नाही..." आणि तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल वाजली. तिने भांडे उचलले आणि आत गेली.

मनात एक शंका आली, ती प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. नवराबायकोत काही कुरबुर असेल का? पण असती तर तिने सांगितले असते. मी काही परका नाही. आणि पार्तिबन माझ्याशी ज्या अदबीने वागतो तसा सख्खा मुलगा वागला नसता. तरी सुनावणी झाली की तिला एकटीला बसवून विचारीन. खटला चालू असताना साक्षीदाराशी साक्षीबद्दल बोलणे योग्य नव्हे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

निकाल माझ्या बाजूने. निकाल म्हणजे तडजोड, पण शब्द माझे.

न्यायाधीश बाईंनी सगळ्यांना आपल्या दालनात घेतले. चुआ आंटी वकिलाशिवाय आली, केस चापून बसवलेले, पायात बंद बूट, बहुधा कोणाचे तरी मागून आणलेले. मी चपलांच्या ठशांचे फोटो मांडले, गल्लीची रीत सांगितली. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "हे मलाही पटतं. माझ्या घरात कोणी चपला घालून आलं तर मीही दचकेन." मग आंटीला विचारले, "तुम्ही का गेलात आत?"

"ते नाही सांगायची मी, पुआन." (न्यायालयात बाईंना पुआन म्हणतात, म्हणजे मलयमध्ये बाईसाहेब.)

"सांगितलंत तर तुमच्याच फायद्याचं असेल."

"असेल. पण शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तेही नाही सांगायची."

बाईंनी पेन खाली ठेवले आणि एकेकाकडे पाहत राहिल्या. माझ्याकडे, पार्तिबनकडे, मग तेनमोळीकडे. पार्तिबनने तिचा हात स्वतःच्या हातात धरून ठेवला होता. बाईंनी तिला विचारले, "तुम्हाला काही सांगायचंय? हवं तर बाकीच्यांना बाहेर पाठवते."

तेनमोळी पार्तिबनच्या हाताकडे बघत म्हणाली, "नाही, पुआन."

मग हमीपत्र लिहायचे ठरले. न्यायालयाचा कारकून लिहिणार होता. मी म्हणालो, मसुदा माझ्याकडे तयार आहे. वाचला: 'प्रतिवादी यापुढे वादीच्या घरात अगर आवारात, कोणत्याही कारणासाठी व कोणाच्याही बोलावण्यावरून, पाऊल टाकणार नाही.'

बाई म्हणाल्या, "कोणाच्याही बोलावण्यावरून, हे कशाला?"

"नाहीतर उद्या म्हणतील, मला बोलावलं म्हणून आले. पळवाट राहते, पुआन."

चुआ आंटी माझ्याकडे वळली. "तंबी, तेवढं काढ. बाकी काय हवं ते लिही. माफी लिही, दंड लिही. तेवढं काढ."

इतक्या वर्षांत तिचा हा आवाज मी ऐकला नव्हता. तिथेच माझी खात्री झाली की नेमकी हीच वाट तिला उघडी हवी आहे. मी काढले नाही. सही केली नाहीत तर खटला पूर्ण चालेल आणि माझ्या मुलीलाही पिंजऱ्यात उभे राहून सगळ्यांसमोर बोलावे लागेल, असे सांगितले. आंटीने तेनमोळीकडे पाहिले. तेनमोळीने अगदी किंचित मान हलवली. आंटीने सही केली.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्याजवळ थांबली. "हुशार आहेस, तंबी. फार हुशार आहेस." विरोधी पक्षाच्या तोंडून असे शब्द क्वचितच मिळतात.

पार्तिबनने सगळ्यांना बिर्याणी खाऊ घातली. "मामा, शेवटच्या ओळीनं तर म्हातारीला गारच केलंत." तेनमोळीला भूक नव्हती.

३ सप्टेंबर, बुधवार

घर शांत आहे. मागच्या दाराशी कोणी हाक मारत नाही. गोड वड्याही येत नाहीत, आणि खरे सांगायचे तर चहाबरोबर त्याची सवय झाली होती. हे इथे लिहितो, दुसरीकडे बोलणार नाही.

तेनमोळीला विचारायचे राहून गेले. हल्ली मी समोर आलो की तिला काहीतरी काम आठवते. गालाला सूज होती. दाढ दुखते म्हणाली. दंतवैद्याकडे जा म्हटले, तर पार्तिबन म्हणाला, मी नेतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तेनमोळी इस्पितळात आहे. जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. डाव्या कानाचे आताच काही सांगता येत नाही म्हणतात.

ती सूज दाढेची नव्हती.

२० सप्टेंबर, शनिवार

क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

गुरुवारी दुपारी टेबलाशी असताना फोन वाजला. चुआ आंटीचा नंबर. मी घेतला नाही. पुन्हा वाजला. समोर एका विधवेचा वारसाचा अर्ज होता, ती म्हणाली, "सर, घ्या ना, कोणाचं तरी काही असेल." मी तिला सांगितले, हा विरोधी पक्ष आहे, त्यांनी लेखी कळवायचे असते. आणि फोन उलटा ठेवला. तो टेबलावर थरथरत राहिला. मी अर्ज पूर्ण केला. त्यात एकही चूक नव्हती.

मग पोलिसांचा फोन आला, तो घेतला.

आज चुआ आंटी वॉर्डात आल्या. तेनमोळीचे दात तारेने बांधले आहेत, म्हणून पातळ पेज आणि नळी घेऊन आल्या होत्या. तिला पाजली. ती झोपल्यावर माझ्याशेजारी बाकावर बसल्या. मला वाटले, आता बोलतील. त्या बराच वेळ डब्याचे झाकणच पुसत राहिल्या. शेवटी मीच विचारले. हे मी जूनमध्ये विचारले होते, पण तेव्हा हातात नोटीस होती.

"किल्ली तिनंच दिली होती मला," त्या म्हणाल्या. "कुंपणावरून. फार झालं तर हाक मारीन म्हणाली होती. त्या दिवशी मारली. चुलीवरचा कालथा हातात होता तसाच घेऊन धावले. चपला काढायला कुठे थांबू?"

"मला सांगायचं होतंत."

"तिनं पाय धरले माझे. अप्पांना सांगू नका म्हणाली. अप्पा त्याच्याच बाजूचे आहेत."

त्यांनी डब्याला झाकण लावले.

"परवा पुन्हा हाक आली. मी कुंपणाला धरून उभी होते. सही केली होती ना तुझ्या कागदावर. म्हटलं, गेले तर हा तिला कोर्टात उभी करील. पोलिसांना फोन केला. तुला केला. परात वाजवली, गल्ली गोळा व्हावी म्हणून. थोडाच वेळ थांबले, तंबी. फार नाही. मग आवाज बंद झाला, तेव्हा गेले. नवं कुलूप निघेना. वरवंट्यानं फोडलं."

त्यांनी डबा पिशवीत घातला.

"मोडली तुझी हमी. आता कर काय करायचं ते."

२३ सप्टेंबर, मंगळवार

पार्तिबनने कोठडीतून फोन केला. आवाज तोच, अदबीचा. "मामा, गैरसमज झालाय. ती पडली. जामिनाचा अर्ज तुमच्याइतका नीट कोण लिहिणार?"

मी म्हणालो, "तुम्ही वकील करा."

"मामा, घरातली गोष्ट आहे. तुम्हीच म्हणायचात ना, पुराव्याशिवाय काही नसतं. तुम्ही इतके महिने घरात होतात, तुम्ही कधी काही पाहिलंत का?"

मी फोन ठेवला. त्याने बरोबर प्रश्न विचारला होता. तोच पोलीस अधिकारी बाईंनीही विचारला, उद्या न्यायालयही विचारील. मला उत्तर माहीत आहे. ओठ, डास, कडी, दाढ. मी सगळे पाहिले. एका स्क्रूची तर दुरुस्तीही केली.

पोलीस बाईंना मी हे सगळे जबानीत लिहून दिले. त्यांनी वाचून विचारले, "हे असंच ठेवायचं? यात तुमचंच नाव वाईट दिसतं." मी म्हणालो, असंच ठेवा.

हमीपत्र रद्द करण्याचा अर्जही दिला. कारकुनाने कारण विचारले. कारणाच्या जागी लिहिले: वादीची चूक. तो म्हणाला, असं कोणी लिहीत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

तेनमोळीला आज घरी सोडले. मी गाडी ठरवली होती, तिच्या खोलीची कडी काढून टाकली होती, भोके लुकणाने बुजवली होती. इस्पितळात पोहोचलो तर नर्स म्हणाली, मघाशीच गेली, एका चिनी आजींबरोबर.

घरी आलो. दोघांच्या घरांमध्ये जेमतेम कमरेएवढे कुंपण आहे. पलीकडे दोरीवर तिचा निळा कुर्ता वाळत होता. मी पुढच्या रस्त्याने फिरून चुआ आंटींच्या फाटकाशी गेलो. कुंपणावरून हाक मारता आली असती, पण तसे करावेसे वाटले नाही.

आंटी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. मी म्हणालो, "तेनमोळीला भेटायचंय. चालेल का विचाराल तिला?"

"घर माझं आहे. मला विचार."

"तुमची परवानगी हवी आहेच. पण आधी तिची."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि आत गेल्या. बोलणे ऐकू आले नाही. ती अजून बोलू शकत नाही, मान तेवढी हलवते. काही वेळाने आंटी परत आल्या.

"आज नको म्हणते."

"बरं."

"उद्याचंही विचारलं मी. त्यावर काही म्हणाली नाही."

"बरं," मी म्हणालो.

आंटी म्हणाल्या, "ऊन आहे. आत ओसरीत तरी बस, तंबी. पाणी देते."

फाटक सताड उघडे होते. मी बाहेरच उभा राहून पाणी प्यायलो, आणि भांडे त्यांच्या हातात परत दिले.